ओव्याच्या तेलाचं पाणी

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी नाशिकच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करत होते. प्रकल्पासाठी ओव्याचं तेल निवडलं होतं. विहिरीच्या पाण्यात त्याचे थेंब टाकले तर जंतू मरतात का, एवढंच बघायचं होतं. ओवा उकळायचा, वाफ थंड करायची, वर तरंगणारं तेल वेगळं करायचं. दिवसभर खपून चमचाभर मिळायचं.

निकाल आला, जंतू वाढवायच्या काचेच्या बश्या पाहिल्या, तेव्हा साध्या पाण्याच्या बशीत जंतूंचे ठिपकेच ठिपके होते, तेलाच्या बशीत मोजून चार. मी हुरळून गेले. मार्गदर्शक सरांनी बशी उजेडात धरून पाहिली. "छान. आता पिणाऱ्यांना विचारून ये."

पाण्याचे नमुने मी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून आणायचे. तिथल्या एका मावशीच्या घरी आणि दोन शेजारणींकडे मी तेलाची बाटली दिली, हंड्याला किती थेंब ते सांगितलं. आठवड्यानं गेले. शेजारणी म्हणाल्या, "चांगलं हाय." मावशीनं मात्र मला बाजूला घेतलं.

"ताई, खरं सांगू? लय झोंबतं घशाला. पोरं हंड्याला शिवत नाय. ओहोळावर जाऊन पितात."

त्या ओहोळात गुरं बसायची.

सरांना हे सांगताना वाटत होतं, ते म्हणतील, एवढं वगळ. ते म्हणाले, "हेच आधी लिही. आणि आरोग्य केंद्रातून क्लोरीनचं औषध घेऊन उद्याच जा."

दुसऱ्या दिवशी मी मावशीला हंड्यात क्लोरीनचे थेंब मोजून टाकायला शिकवलं. अर्ध्या तासानं तिनं स्वतः घोट घेतला. "वास याला बी हाय. पण पितील." पोरं प्यायली. शेजारणींनीही तेच औषध मागून घेतलं.

मला वाईट वाटू नये म्हणून मावशीही "चांगलं हाय" म्हणाली असती, तर मी खुशीत परतले असते आणि पोरं ओहोळाचंच पाणी पीत राहिली असती. पुढं पाणी तपासण्याच्याच नोकरीत माझी वर्षं गेली. तिचे उपकार मी विसरलेले नाही.

प्रबंध बांधून आला तेव्हा मी पाड्यावर जाऊन तिला आभाराचं पान वाचून दाखवलं. तिचं नाव सरांच्या नावाआधी होतं.

"माझं कशाला?" म्हणत तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "परत वाच."