सुक्रामचे दोन स्वेटर

मे महिन्यात, समुद्रपूरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही अशा उन्हात, सुक्राम पारधी एकावर एक दोन स्वेटर चढवून चौकातून जायचा. परक्याला वाटे, माणूस खुळा आहे. आम्हाला कळे, कुठेतरी चोरी झाली. मग जो तो घरी पळत जाऊन आपल्या वस्तू जागेवर आहेत का ते बघायचा.

चोरी कुणीही करो, पोलीस माणसं उचलायचे ती पारध्यांच्या बेड्यावरून, त्यांच्या वस्तीवरूनच. म्हणून सुक्राम बोलावण्याची वाटच बघत नसे. भाकर खाऊन, स्वेटर घालून स्वतःच ठाण्यात हजर! लोकरीवर दांडा जरा कमी लागतो म्हणे. "त्याइची वर्दी खाकी, आपली लोकरीची," तो मला सांगायचा. "दोघायचं काम एकच हाय गुरुजी. चोर सापडेपर्यंत टाइम काढनं." आणि गंमत बघा, ज्यांच्या चोरीपायी तो मार खायचा, तेच त्याला हरभऱ्याच्या राखणीला ठेवायचे. मीही ठेवला होता. माझ्या वावरातला एक घाटा कधी गेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याला हिवताप झाला. थंडी भरली म्हणून बिचारा दोन्ही स्वेटर घालून सरकारी दवाखान्यात निघाला. झालं! त्याला पाहून अख्खं गाव घरी पळालं. वामनराव पाटलांची पाण्याची मोटार जागेवर नव्हती. त्यांनी थेट ठाणं गाठलं. शिपायांनी सुक्रामला दवाखान्याच्या रांगेतूनच उचललं. "साहेब, आज मी बिमार हावो म्हनून घातले," तो म्हणाला. शिपाई हसले. चोरीची बातमी तुला आमच्याआधी कशी कळली, म्हणाले.

मी ठाण्यात जाऊन तापाचं सांगितलं. साहेबांनी मला बसवून चहा मागवला. आतून सुक्रामचं ओरडणं ऐकू येत होतं. मी उठून आत निघालो, तर मलाच बाहेर काढलं.

सकाळी सुक्राम गेला. कागदावर लिहिलं, उष्माघात. मे महिन्यात दोन स्वेटर घातल्यावर दुसरं काय होणार, असं साहेब अगदी कळवळून म्हणाले. त्याच दुपारी वामनरावांचा मेहुणा मोटार परत घेऊन आला. ती वामनरावांच्या बायकोनेच त्याला वापरायला दिली होती. वामनराव म्हणाले, चला, सापडली एकदाची. त्या माणसाचा मला अजून संताप येतो.

पाठीकडून उसवलेले दोन्ही स्वेटर सुक्रामच्या बायकोला परत मिळाले. तिने ते सांधले. परवा भर दुपारी त्याचा धाकटा भाऊ चौकात दिसला. अंगात तेच स्वेटर.

"काऊन रे, ताप हाय का तुले?" मी आशेने विचारलं.

"नाई जी," तो म्हणाला आणि ठाण्याकडे वळला. मी त्याच्यासोबत निघालो. मागे वळून पाहिलं तर चौक रिकामा झाला होता. सगळे आपापली मोटार बघायला पळाले होते.