डब्यात नसलेली चिठ्ठी

आमच्या घरमालकांइतका वशिल्याला भिणारा माणूस अख्ख्या नागपुरात नव्हता. पंचाहत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. रामदासपेठेत त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. कोणावर अन्याय नको म्हणून हा गृहस्थ ऊठसूट चिठ्ठ्या टाकायचा. नळावर आधी बादली कोणाची, चिठ्ठी. भाजी वांग्याची की पालकाची, चिठ्ठी. एकदा पालक निघाला आणि घरात नेमकी वांगीच होती, तर भर मे महिन्यात डोक्याला दुपट्टा बांधून बाजारात गेले. "निघालं म्हंजे निघालं," एवढंच म्हणाले.

त्यांचं मंडळ दर दिवाळीला वर्गणीतून एका विधवेला शिलाई मशीन द्यायचं. आधी बायांना समितीपुढे उभं करून त्यांची कर्मकहाणी ऐकायचे. एक बाई रडली नाही म्हणून मागं पडली, तेव्हा हे उखडले. "दुःखाले मार्कं देणारे आपण कोण गा?" तेव्हापासून बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या पडू लागल्या.

त्यांची धाकटी विधवा बहीण सावनेरला हातशिलाई करून पोट भरायची. डोळे अधू होत चालले होते. भावानं मशीन घेऊन दिली तर भावजयीचं ऐकून घ्यावं लागेल, म्हणून दरवर्षी रीतसर अर्ज करायची. चिठ्ठी काढायच्या दिवशी सकाळच्या बसनं येऊन पुढे बसायची, आणि "औंदाही नाही निघालं, दादा," म्हणत जेवून परत जायची. एका वर्षी चिठ्ठ्यांच्या घड्या घालायला मी बसलो. अर्ज अकरा, चिठ्ठ्या दहा. बहिणीचीच नव्हती.

"तिचं निघालं असतं तर लोक काय म्हणले असते?" ते म्हणाले.

"मग तिले अर्ज करू नको म्हणा."

"तिची आस काहून तोडू?"

मला राग आला. असला न्याय चुलीत घालायचा? पुढल्या वर्षी अकरावी चिठ्ठी मीच लिहिली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत डब्यात टाकली. त्यांनी डबा नेहमीपेक्षा जास्त वेळ हलवला. नाव दुसरीचंच निघालं.

"औंदाही नाही निघालं, दादा."

"नाही वं. पण औंदा तुझी चिठ्ठी होती," ते म्हणाले. भल्या माणसाला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल.

"औंदा?" तिनं विचारलं. मग पिशवी उचलून, न जेवता, बसस्टँडवर निघून गेली.

पुढल्या वर्षी तिचा अर्ज आला नाही. दहा अर्जांच्या दहा चिठ्ठ्या झाल्यावर घरमालकांनी खिशातून आणखी एक काढली, हळूच डब्यात सोडली. अर्जाशिवाय चिठ्ठी टाकणं नियमात बसत नाही, हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं.