बोरीच्या पानांतल्या अळ्या

दिव्याभोवती घिरट्या घालतात त्यातलाच एक पतंग, पण तांदळाच्या दाण्याएवढा. राखाडी, पंखावर एक ठिपका, तोही भिंगातून दिसणारा. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता मी त्याच्या नादी लागले आणि तीन वर्षं नुसती डोकेफोड झाली. पुस्तकातल्या वर्णनाशी तो कधी जुळायचा, कधी अजिबात नाही.

युसूफ वडगाव नावाच्या गावाच्या रस्त्याला, बांधावरच्या बोरीवर त्याच्या अळ्या मिळत. त्या पानांसकट आणायच्या, डब्यात वाढवायच्या, पतंग निघाले की टाचणीला लावून पुण्याच्या एका तज्ज्ञांकडे पाठवायचे. असल्या पतंगांची जात रंगावरून ठरत नाही. नराच्या पोटाचं टोक कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. दर वेळी त्यांचं एकच उत्तर: "नर एकमेकांशी जुळत नाहीत. तुम्ही दोन जाती मिसळल्या आहेत."

मिसळल्या म्हणे! झाड एक, डबा एक, हात माझा. हा माणूस चष्मा का बदलत नाही, असं मी घरात दहादा बोलून दाखवलं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी गेले, तर बोर पार बोडकी. शेळ्या राखणाऱ्या मावशींनी फांद्या छाटून खाली टाकल्या होत्या आणि शेळ्यांनी पाला जवळजवळ संपवला होता. मी भडकलेच. "अहो मावशी, माझ्या अळ्या होत्या त्यात!"

"कावून वरडता मॅडम? हायत की. ही बघा, चिकटल्याली पानं. त्येला शेळी तोंड लावत न्हाई, कडू लागतंय. गुंडाळल्याली मातर लई आवडीनं खातेत."

मी वाकून खाली पडलेली पानं उलटून बघू लागले. काही अळ्या दोन पानं एकमेकांना चिकटवत, काही एकच पान गुंडाळून घेत. हे मी तीन वर्षं बघत होते आणि दोन्ही एकाच डब्यात कोंबत होते. शेळ्यांना कळलं ते मला कळलं नव्हतं. स्वतःचाच भयंकर राग आला.

चिकटलेल्या पानांतल्या अळ्या तेवढ्या नेल्या, वाढवल्या, पतंग पाठवले. उत्तर आलं: "आता सगळे नर जुळले. ही जात नेहमीची, सगळीकडे सापडते. नवी वाटते ती दुसरी. आधीचे मिसळलेले चालणार नाहीत, तिचे नर वेगळे वाढवून पाठवा."

दुसरी म्हणजे शेळ्यांनी खाल्लेली.

बोरीला पुन्हा पालवी आली आहे. दर रविवारी जाऊन पानन् पान बघते. गुंडाळलेलं एकही नाही. मावशी आता शेळ्यांना तिकडे फिरकू देत नाहीत. परवा मात्र त्याच माझ्यावर चिडल्या. "तीन वर्सं झालं येताय. कुणचा किडा पायजे, ते एकदा आदी सांगायचं न्हाई का?"