मामांच्या चिठ्ठीवरची गोळी

पवित्राच्या हनुवटीवर सोळाव्या वर्षी केस आले. निपाणीच्या शाळेतल्या पोरी तिला ‘अण्णा’ म्हणायच्या. या दुखण्याला पीसीओएस म्हणतात, हे तिला बेंगळुरात आल्यावर कळलं. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी लागल्याबरोबर तिनं कातडीचा डॉक्टर गाठला. ही गोळी मुळात हृदयाच्या पेशंटची, तो म्हणाला, पण बायकांच्या असल्या केसांवरही चालते. फक्त ती चालू असताना दिवस जाता कामा नयेत. वर्षभरात हनुवटी निवळली, आणि बेंगळुरातल्याच बनशंकरी भागातलं स्थळ जुळलं.

लग्नानंतर मूल हवं म्हटल्यावर डॉक्टरनं गोळी थांबवली. चार महिन्यांत केस परत आले, पहिल्यापेक्षा राठ. एका सकाळी नवऱ्यानं, महांतेशनं, लाडानं हनुवटी धरली आणि चटका बसल्यागत हात काढून घेतला. बोलला असता तर बरं झालं असतं.

सासरे मल्लाप्पा, ती त्यांना मामा म्हणायची, हृदयाचे अधू, पाय सुजायचे. त्यांची औषधं आणायचं काम पवित्राचंच, आणि त्यांच्या चिठ्ठीवर नेमकी तीच गोळी. तिनं दोन पाकिटं जास्त मागितली. ओळखीच्या मेडिकलवाल्यानं ‘सरी अक्का’, बरं ताई, म्हणत दिली. पाळी तशीही तीन-तीन महिने यायची नाही. आपल्याला कुठले दिवस जातायत, असं धरून ती गोळी गिळत राहिली.

कळलं तेव्हा अकरावा आठवडा होता.

सासूबाई कृष्णाबाई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी नातवाचं नावसुद्धा ठरवलं. डॉक्टर सौम्यांनी विचारलं, काही औषधं चालू होती का.

“हिला कसली औषधं? घोड्यागत हाय की पोरगी,” कृष्णाबाई म्हणाल्या.

पवित्रा ओढणीनं हनुवटी झाकून बसली होती. गप्प राहिली असती तर तिथंच मिटलं असतं.

“मामांची गोळी घेत होते,” ती म्हणाली. “केसांसाठी. कालपर्यंत.”

डॉक्टरांनी गोळी तिथल्या तिथं बंद करायला सांगितली. मग शांतपणे समजावलं, मुलगी असेल तर फारशी भीती नाही. मुलगा असेल तर, ही गोळी पुरुषी हार्मोन दाबते म्हणून, त्याच्या जननेंद्रियांची घडण बिघडू शकते. बिघडेलच असं नाही, पण बिघडणार नाही अशी खात्रीही देता येत नाही. पोटात काय आहे ते मात्र विचारू नका, कायद्यानं सांगता येत नाही.

बाहेरच्या बाकड्यावर कृष्णाबाई बसून राहिल्या. पवित्रा शिव्यांची वाट बघत उभी.

“दर मंगळवारी देवळात लिंबाचे दिवे लावले गं मी. नातू दे म्हणून,” त्या म्हणाल्या. “आता जाऊन काय मागू?”

“मुलगी मागा, आत्ती.”

कृष्णाबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग हनुवटीकडे. उठल्या, भिंतीला धरत एकट्याच जिना उतरू लागल्या. पवित्रानं पुढं केलेला हात त्यांनी घेतला नाही.