दारामागचा खांब

करंजा बंदरातून मासळी आणायची म्हणजे बर्फाचं खारट पाणी टेम्पोत झिरपणारच. तरी दर दसऱ्याला मी टेम्पोला नवा रंग मारायचो, झेंडूचा हार घालायचो आणि पनवेलभर मिरवायचो. रंगाआधी गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढावं, एवढी अक्कल होती कुणाला!

यंदा बायकोच्या बाजूचं दार लागेना, म्हणून टेम्पो कोन गावच्या म्हाताऱ्या वेल्डरकडे नेला. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी केबिनच्या दारामागच्या खांबाला स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि गंजाचा भुगा खाली सांडला.

"खांब नवा बसवावा लागेल," चाचा म्हणाले. "आठ दिवस गाडी इथेच."

माझं डोकंच फिरलं. आठ दिवस धंदा बंद ठेवू? "वरून पत्रा मारा आणि द्या सोडून!" मी ओरडलो. "दार लागलं की झालं!"

चाचांनी बायकोच्या सीटचा बेल्ट धरला आणि हलकेच ओढला. बोल्टसकट तो खांबातून सुटून त्यांच्या हातात आला.

"बदला," एवढंच कसंबसं बोललो.

रोज पहाटे निघताना बायको कुरकुरायची, "गरम होतंय, नाय लावत मी बेल्ट." मी तिच्यावर खेकसायचो, "लाव गुमान! तुझ्याच जिवासाठी सांगतोय."

ती लावायची आणि निर्धास्त झोपायची.