रांगोळी पुसल्यावर

जानेवारीचा दुसरा रविवार, सकाळी दहा, आमच्या इमारतीची गच्ची. हजर : अध्यक्ष पगारे सर, तळमजल्यावरच्या जाधव वहिनी, त्यांच्या शेजारचे काका, मी (सचिव) आणि इतर सात सभासद. विषय एकच, इमारतीतल्या ज्येष्ठांची सुरक्षितता.

सभा संपली. सगळे लिफ्टकडे निघाले आणि काका गच्चीच्या दारात थांबले. पाय फरशीला चिकटल्यासारखे. मागे गर्दी झाली. काका खाली बघून स्वतःच्याच पायांना म्हणाले, "चला, पुढे सरका. पुढे जागा आहे."

एसटीत कंडक्टर असताना नाशिक-चांदवड मार्गावर ते हेच वाक्य प्रवाशांना ऐकवत. कंपवात झाल्यापासून ते पायांना ऐकवू लागले. "गाडी हलायची तेव्हा दांडी न धरता उभा राहायचो," ते सांगत. "आता फरशी जागची हलत नाही, तर मीही हलत नाही."

आजाराने त्यांचा चेहरा ताठ झाला होता, त्यामुळे नवे भाडेकरू त्यांना तुसडे समजत. कुणी विनोद केला की काका मख्ख चेहऱ्याने म्हणत, "मी आतून हसतोय, नोंद घ्या." मी नोंदी ठेवणारी बाई, बहुतेकदा ते माझ्याकडे बघूनच म्हणत.

पत्नी गेल्यावर ते एकटेच राहत. रोज संध्याकाळी पाचला ते एकटे निघत आणि कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या बाकावर जात. तिथे नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले दोन मित्र वाट बघत असत. त्या तासासाठी बाकीचा दिवस ते काढत असत, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

आता त्या सभेत मी मांडलेल्या यादीकडे येते. त्यात नऊ मुद्दे होते. सरकणारी पायपुसणी उचलणे, जिन्यात जास्त उजेडाचे दिवे, कुंड्या बाजूला, वगैरे. सातवा मुद्दा असा : रांगोळीच्या भुकटीवरून पाय घसरतो, म्हणून दारांशी रांगोळी बंद. जाधव वहिनी रोज स्वतःच्या, काकांच्या आणि इमारतीच्या मुख्य दाराशी रांगोळी काढत. त्या थोड्या हिरमुसल्या. काका काहीतरी पुटपुटले. त्यांचा आवाज हल्ली फार बारीक झाला होता. मी लिहून टाकलं, "ज्येष्ठ सभासदांनी सूचनेचे स्वागत केले."

मंगळवारपर्यंत नऊही मुद्द्यांपुढे बरोबरची खूण झाली. बुधवारी पाच वाजता काका स्वतःच्या दारात अडकले, जोर लावून निघायला गेले आणि पडले. मनगट मुरगळलं. पुण्याहून मुलाचा फोन आला. "ताई, आता बाहेर जाणं बंद. मी माणूस ठेवतो, घरातच फिरतील."

"बरोबर आहे त्याचं," पगारे सर म्हणाले. "आपण तरी कुठे कुठे बघणार?"

मी निरोप घेऊन गेले. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "माणूस ठेव म्हणावं. पण तो बाक घरात आणून ठेवणार का, तेवढं विचारा."

"काका, यादीतलं सगळं केलं होतं. मग पडलात कसे?"

"सातवा मुद्दा," ते म्हणाले. "सभेत बोललो होतो, रांगोळी राहू द्या."

"मला वाटलं, तुम्ही हो म्हणालात."

"तिकीट विचारलं की झोपेचं सोंग घेणारे लय पाहिले. जागेपणी न ऐकणाऱ्या तुम्हीच."

मग त्यांनी समजावून सांगितलं. दारात आलं की पाय अडतात. पण समोर रांगोळी असली की त्यावर पाय द्यायचा नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. म्हणून पाय मुद्दाम उचलावा लागतो, आणि एक पाऊल पडलं की पुढची पडतात.

जाधव वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी रांगोळीचा डबा आणला आणि उंबऱ्याबाहेर एक जाड आडवी रेघ ओढली. काका दारापर्यंत आले, थांबले. रेघेकडे पाहिलं. डबकं ओलांडावं तसा पाय उचलला आणि बाहेर आले.

"मला वाटायचं, माझी रांगोळी आवडते म्हणून रोज बघत उभे राहतात," वहिनी म्हणाल्या.

"ठिपके चुकतात तुमचे," काका म्हणाले. चेहरा मख्खच.

पुढच्या तपासणीला मी काकांसोबत डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, एरवी चालताना आपण प्रत्येक पावलाचा विचार करत नाही. या आजारात ते आपोआप चालणंच अडतं. समोर रेघ असली की माणूस ठरवून पाऊल टाकतो, आणि मेंदूची ती वाट अजून शाबूत असते. हे सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, यांना पडलं. भुकटी मात्र नको. तिच्यावरून पाय घसरतो, हे माझं म्हणणं खरं होतं. मग व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी काकांचं पाऊल बघून जागा ठरवल्या आणि आम्ही त्यांच्या दारापासून मुख्य दारापर्यंत पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या.

पुढच्या सभेत मी आधीच्या इतिवृत्तातलं ते "स्वागत केले" खोडलं आणि काका जे बोलले होते ते लिहिलं. मुलगा पुण्याहून आला. दोन दिवस तो काकांच्या दहा पावलं मागून बाकापर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी पाच वाजता घरात पेपर वाचत बसला.

दोन वर्षं काका त्या पट्ट्यांवरून गेले. या दिवाळीनंतर ते मुलीकडे चांदवडला राहायला गेले. गोळ्यांच्या वेळा आता कुणीतरी सांभाळायला हव्या होत्या. इमारतीत पट्ट्या तशाच आहेत. आमचा वॉचमनही त्या ओलांडूनच जातो.

आज सकाळी मुलीचा फोन आला. "ताई, बाबा इथल्या दारात अडतात. पट्टी आणली आहे, पण किती किती अंतरावर लावू?"

आजच्या यादीतली बाकी कामं झाली. पट्ट्यांमधलं अंतर मोजून चांदवडला कळवायचं राहिलं आहे. ते चारच्या आत व्हायला हवं. पाचला त्यांना तिथल्या पारावर जायचं असतं.