पंचनाम्याआधीची होडी

नातवंडांना सांगू नका, पण नव्वदच्या दशकात त्यांची आजी तहसील कचेरीत नवी कारकून होती आणि गॉगल लावून, उंच टाचांनी कळंबच्या समुद्रकिनारी वाळूत रुतत चालायची. असली दीडशहाणी बया तुम्ही पाहिली नसेल. वादळात फुटलेल्या होडीपाशी एक कोळीण बसली होती. मी ठणकावलं, "मावशी, पंचनाम्याआधी हिला हात लावाल तर सरकारी मदत बुडेल. मी परवा येते."

गेले ती घरचे गणपती उरकून, पौर्णिमेनंतर. उधाणाने होडी नेली होती. कोळणीच्या हातांची सालं निघाली होती. ती शेवटपर्यंत दोर धरून राहिली होती म्हणे.

मी उलट खूश! "बरंच झालं, मावशी. आता पूर्ण नुकसान लिहिते. मदत जास्त मिळेल."

ती दर्याकडे बघतच म्हणाली, "बाय, दोनच फळ्या फुटल्या होत्या. तू बोललीस म्हनून आमी हात नाय लावला. आता माजा मानूस दुसऱ्याच्या होडीवर खलाशी झाला."

मग तिने अंगठा पुढे केला. सोललेल्या अंगठ्याचा ठसा कागदावर उमटेना. मी पुन्हा पुन्हा शाई लावत राहिले, आणि तिने हात एकदाही मागे घेतला नाही.